एकशे नव्वद रुपयांचा रेझर आणि रोजची दाढी

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. बावीस वर्षांपासून नागपुरात औषधांची बॅग घेऊन फिरतो. सकाळी धंतोलीतले दवाखाने, मग रामदासपेठ, दुपारी गांधीबागेत स्टॉकिस्टकडे चक्कर आणि संध्याकाळी पुन्हा ओपीडीच्या वेळा. डॉक्टरांसमोर दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत समोरचा माणूस खुंट वाढलेला आणि घामेजलेला दिसला तर औषधाचं नाव कोण ऐकणार? म्हणून रविवार सोडला तर रोज दाढी. वर्षाला तीनशेच्या वर होतात. हे लिहितोय तेही रोज दाढी करावी लागणाऱ्यांसाठीच. आठवड्यातून एकदा करणाऱ्याच्या कातडीला मधे सहा दिवसांचा आराम मिळतो, आपल्याला तो मिळत नाही. सगळा फरक तिथेच आहे.

माझी तक्रार गळ्याची होती. तीन पात्यांचं कार्ट्रिज, म्हणजे दांड्याला अडकवायचं तयार डोकं, वापरायचो. गाल मस्त गुळगुळीत व्हायचे, पण हनुवटीखाली, बरोबर हेल्मेटचा पट्टा येतो त्या जागी, लाल पुटकुळ्या. दिवसभर स्कूटरवर पट्टा तिथेच घासणार, वरून घाम. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो आठवडा मला या गळ्यामुळेच लक्षात आहे, कारण पट्ट्याखाली रुमालाची घडी ठेवून फिरलो होतो. तरी कितीतरी वर्षं मी हेच समजून चाललो होतो की आपली कातडीच नाजूक आहे. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांकडे कॉलला, म्हणजे औषधाची माहिती द्यायला, गेलो असताना त्यांनी माझा गळा पाहिला आणि औषधाचं ऐकून घ्यायच्या आधी विचारलं, "किती पात्यांचं ब्लेड वापरता?" मग समजावून सांगितलं. एकामागोमाग पाती असली की पहिलं पातं केस थोडा ओढतं आणि मागचं पातं तो ओढलेला केस कापतं. केस परत मागे सरकतो तेव्हा त्याचं टोक कातडीच्या खाली गेलेलं असतं. वाढताना ते टोक बाहेर न येता आतच वळतं आणि तिथे पुटकुळी धरते. गळ्यावरचे केस आडवेतिडवे वाढतात, म्हणून तिथे जास्त. "एका पात्यावर या," ते म्हणाले, "आणि उलटा हात, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध ओढणं, बंद करा."

त्याच आठवड्यात गांधीबागेतलं काम आटोपून इतवारीत सलूनचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. तिथे जुन्या पद्धतीचा धातूचा रेझर मिळाला, तीन तुकड्यांचा, १९० रुपयांना. आमचे बाबा त्याला 'दाढीचं मशीन' म्हणायचे. दुकानात एक म्हातारे काकाजी पात्यांचे पुडे घ्यायला आले होते, आयुष्यभर सलून चालवलेले. मी रेझर उलटापालटा करून पाहतोय हे पाहून ते म्हणाले, "दाबाचं नाही भाऊ. पात्याचं काम पात्याले करू द्या." तेव्हा मी मान डोलावली. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला चार दिवस आणि एक शर्ट लागला. ते पुढे सांगतो.

स्वस्त रेझर घेताना दुकानातच तपासून घ्यायचा, कारण एकाच खोक्यातले दोन रेझर सारखे निघत नाहीत. दांडा पिळून पूर्ण उघडा आणि परत लावा. आटे कुठे अडकायला नकोत, करकरायला नकोत. मग वरची टोपी काचेच्या काउंटरवर ठेवून बोटाने टोक दाबा. ती डुगडुगली तर बाजूला ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानदाराला एक पातं बसवून द्यायला सांगा आणि रेझर ट्यूबलाइटसमोर समोरून धरा. पात्याची धार दोन्ही बाजूंना सारखीच बाहेर दिसली पाहिजे, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एकाच जाडीची रेघ. मला दाखवलेल्या पहिल्या रेझरमध्ये एका बाजूला रेघ जाड होती, दुसऱ्यात ती तिरपी होती. तिसरा घेतला. दुकानदार वैतागला नाही, उलट म्हणाला की कुणी पाहतच नाही. दांड्यावर खाचा आहेत ना तेही बघा, कारण साबणाच्या हातात गुळगुळीत दांडा फिरतो. आणि एक लक्षात ठेवा, हे स्वस्त रेझर बहुतेक जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, वरून चकचकीत मुलामा. फरशीवर पडला तर आट्यांजवळ तुटतो. गच्च आवळायची गरज नसते. बोटांनी पिळून थांबला की पुरे.

इतक्या स्वस्तात चांगलं काम कसं होणार, ही शंका मलाही होती. पण या यंत्रात बिघडण्यासारखं फारसं काही नाहीच. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकी माणसाला १९०४ साली बदलत्या पात्याच्या रेझरचं पेटंट मिळालं, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे: पातळ, लवचीक पातं, वरून टोपी, खालून बैठक, दांडा पिळला की दोघांच्या मधे पातं वाकून घट्ट बसतं. पातं जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं. बैठक सरळ असली आणि पातं नीट बसलं की महाग रेझर आणि स्वस्त रेझर यांत उरतो तो दिसण्याचा आणि टिकण्याचा फरक.

पाती मात्र एकाच प्रकारची घेऊ नका. टोपाझ, लेझर, सेव्हन ओ'क्लॉक, सुपरमॅक्स, जे मिळेल त्यातले तीन वेगवेगळे पुडे घ्या, पाच पाच पात्यांचे. आपल्या बाजारातलं दुधारी पातं कुठल्याही कंपनीचं असो, अशा कुठल्याही रेझरमध्ये बसतं, हीच तर यातली मोठी सोय. कुठलं चांगलं ते मी सांगणार नाही. मला जे मानवलं ते माझ्या लहान भावाला अजिबात मानवलं नाही, आणि आम्ही एकाच आईची लेकरं आहोत. मला पाती सरासरी तीन रुपयाला एक पडली.

ज्यांना हाताने पातं बसवायची भीती वाटते, किंवा ज्यांचा हात थरथरतो, त्यांनी या वाटेला जाऊच नये. त्यांच्यासाठी एका पात्याचा कार्ट्रिजवाला रेझर बरा. जिलेट गार्ड २०१० साली भारतासाठी म्हणून काढला गेला तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि ब्लेड ५ रुपयांना होतं. आपल्याकडे बरेच लोक वाहत्या नळाखाली नाही, तर मग्ग्यातल्या पाण्यात रेझर बुडवून दाढी करतात. हे पाहून त्यात फटी मोठ्या ठेवल्या होत्या, म्हणजे केस अडकत नाहीत. गळ्याचा त्रास असणाऱ्याला तोही चालेल. खाली पाण्याचं, फेसाचं आणि तुरटीचं जे सांगतोय ते त्यालाही तसंच लागू आहे.

आता पाणी. केस कोरडा असताना तारेसारखा ताठ असतो आणि पाणी प्यायला की मऊ पडतो. त्याला दोन-तीन मिनिटं लागतात, त्याच्या आत नाही. म्हणून आधी आंघोळ, मग दाढी. आंघोळीआधी करायची असेल तर कोमट पाण्यात टॉवेल पिळून चेहऱ्यावर धरा, आणि तेवढ्या वेळात ब्रश भिजत घाला. मे महिन्यात गीझर लागतच नाही, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी सकाळी सहालाही कोमट येतं. डिसेंबरात मात्र पारा दहाच्या खाली जातो तेव्हा नळाच्या गार पाण्याने केलेली दाढी ओढते, आणि आपण रेझरला दोष देतो.

पाण्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची, ती फार लोकांना माहीत नसते. आमच्या बिल्डिंगमध्ये पिण्याला कॉर्पोरेशनचं पाणी आणि बाथरूमला बोअरचं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. साबण त्यांच्याशी मिळून चिकट साका होतो आणि फेस धरत नाही. पहिले तीन दिवस माझा फेस गालावर अर्ध्या मिनिटात विरून जायचा आणि खाली पांढरी पापडी उरायची. त्या पापडीवरून पातं चालवणं म्हणजे कोरडी दाढी करणंच. आता मी स्वयंपाकघरातल्या नळाचं एक तांब्याभर पाणी घेऊन जातो. ब्रश त्याच पाण्यात भिजवायचा, फेस त्याच पाण्यात करायचा. रेझर धुवायला बोअरचं चालतं. तुमच्याकडे बादलीच्या कडेला पांढरा थर जमत असेल तर हे नक्की करून पाहा.

फेसाला क्रीम हरभऱ्याएवढी पुरते. ब्रश झटकून घ्यायचा, नुसता ओला राहील इतपत. गालावर गोल गोल फिरवायचा, एक मिनिट तरी. पाणी थेंबाथेंबाने वाढवत जायचं. दह्यासारखा झाला की थांबायचं. बुडबुडे दिसत असतील तर पाणी जास्त झालं, ओढल्यासारखा वाटला तर कमी. ब्रश फिरताना केस उभे राहतात आणि मुळापर्यंत पाणी जातं, म्हणून हाताने चोपडलेल्या फेसाने तेवढं काम होत नाही. ब्रश साठ-सत्तर रुपयांचा असला तरी हरकत नाही.

पातं बसवताना हात कोरडे हवेत. दुधारी पात्याच्या लांब कडा धारेच्या, आखूड कडा बिनधारेच्या, आणि धरायचं ते फक्त आखूड कडांनी. टोपी तळहातावर उलटी ठेवा, तिच्या खुंट्यांवर पातं, त्यावर बैठक, मग दांडा. पिळताना टोपीच्या आखूड बाजू अंगठ्याने आणि बोटाने धरून ठेवा, म्हणजे पातं सरकत नाही. मग दुकानात केलं तेच पुन्हा, उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंची रेघ बघायची. स्वस्त रेझरमध्ये खुंट्या थोड्या ढिल्या असतात, त्यामुळे दर वेळी हे पाहावं लागतं. तिरपी दिसली तर अर्धा आटा सैल करा, पातं सरळ करा, परत पिळा. यात पंधरा सेकंद जातात. जे लोक म्हणतात की स्वस्त रेझर कापतो, त्यांतल्या बहुतेकांनी हे पंधरा सेकंद दिलेले नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हाताचं. कार्ट्रिजचं डोकं हलतं, गालाच्या वळणाप्रमाणे स्वतः वळतं आणि आपण नुसतं दाबून ओढतो. वीस वर्षं तीच सवय. या रेझरचं डोकं हलत नाही, कोन आपल्याला सांभाळायचा असतो. टोपी गालाला सपाट टेकवा, दांडा गालापासून सरळ बाहेर आलेला. या अवस्थेत पातं लागतच नाही. आता दांडा हळूहळू खाली आणा. एका जागी पातं केसाला भिडतं, साधारण तीस अंशांच्या कोनावर. तिथेच थांबायचं. दांडा त्याहून खाली गेला की कातडी खरवडायला लागते.

हा कोन डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतो. बरोबर कोनात पातं चालतं तेव्हा बारीक खरखर ऐकू येते, वाळल्या पानावरून मुंगळा चालावा तशी. कोन चुकला की आवाज बंद होतो. म्हणून मी पहिले पंधरा दिवस बाथरूमचा एक्झॉस्ट आणि बाहेरच्या खोलीतला कूलर दोन्ही बंद करून दाढी केली. घरच्यांनी उन्हाळ्यात दहा मिनिटं ते सोसलं, त्यांचे आभार.

आणि दाब. दाब म्हणजे शून्य. दांडा मुठीत धरायचा नाही, खालच्या टोकाजवळ तीन बोटांत धरायचा, पेन्सिलीपेक्षाही सैल. रेझरचं स्वतःचं वजन असतं, त्याच वजनाने तो खाली येतो. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर, मग उचलायचा, मग पुढे. दुसऱ्या हाताने कातडी थोडी वर ताणून धरायची, विशेषतः जबड्याच्या कडेला.

हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण हाताला माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी सोमवार होता, पावणेनऊला धंतोलीत पोचायचं होतं, आणि वाटलं की आता जमलंय. मूठ आवळून जबड्याखालून एकच लांब हात ओढला. काही दुखलं नाही, नव्या पात्याचं कधी दुखत नाही. पांढरा शर्ट घातला, कॉलरचं बटण लावलं आणि मग आरशात लाल ठिपका पसरताना दिसला. शर्ट बदलला, तुरटी घासली, दहा मिनिटं कापूस दाबून बसलो. त्या दिवशी पहिले दोन कॉल चुकले. काकाजींचं 'दाबाचं नाही' मला तेव्हा समजलं, आणि त्यानंतर आजपर्यंत जबड्याखाली एकदाही कापलं नाही.

हात कुठल्या दिशेने चालवायचा ते आधी ठरवा, फेस लावायच्या आधी. दोन दिवसांची दाढी असेल त्या रविवारी चेहऱ्यावरून बोटं फिरवून बघा. बोट गुळगुळीत चालतं ती सुलटी दिशा, अडतं ती उलटी. गालावर बहुतेकांचे केस खाली वाढतात. गळ्यावर मात्र गंमत असते: माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूचे केस कानाकडे वाढतात, उजवीकडचे खाली, आणि कंठमण्याजवळ भोवरा आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी मला हे पहिल्यांदा कळलं. कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून बाण काढले आणि तो कागद आरशाला चिकटवला. मग पहिला हात सगळीकडे सुलटा. पुन्हा फेस, दुसरा हात फक्त गालांवर आडवा. गळ्यावर पहिले पंधरा दिवस एकच हात, सुलटाच. ओठाच्या वर आखूड आखूड हात, नाक थोडं वर उचलून. उलटा हात, ज्याने दाढी घोटून निघते, तो या पंधरा दिवसांत अजिबात नाही. संध्याकाळी हात फिरवला तर गळ्यावर थोडे खुंट लागतील. लागू द्या. केस दिवसाला मिलिमीटरचा तिसरा हिस्सा वाढतो, सकाळी कितीही घोटली तरी उद्या परत करायचीच आहे. डॉक्टरांना टेबलापलीकडून ते खुंट दिसत नाहीत.

दाढी झाली की गार पाणी आणि मग तुरटी. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांना मोठा खडा मिळतो. पोटॅशियम आणि अॅल्युमिनियमचा हा क्षार कातडी आकसून घेतो, बारीक रक्त थांबवतो. पण मला तुरटीचा खरा उपयोग वेगळाच सापडला. ओला खडा चेहऱ्यावर फिरवला की जिथे झोंबतं, तिथे तुम्ही दाबलंय किंवा कोन चुकलाय. डोळ्याला काहीच दिसत नसतं, कापलेलं नसतं, पण तुरटी बरोबर जागा दाखवते. मी रोजच्या कॉलची नोंद ठेवतो त्याच डायरीत मागच्या पानावर तीन रकाने आखले: कापलं का, तुरटी कुठे झोंबली, संध्याकाळी पट्ट्याची जागा लाल होती का. पहिल्या दिवशी झोंबण्याच्या रकान्यात लिहिलंय: 'दोन्ही गाल, हनुवटी, गळा पूर्ण'. सहाव्या दिवशी: 'हनुवटी, गळा डावा'. अकराव्या दिवशी नुसतं 'कंठाजवळ'. रेझर तोच, माणूस तोच, हात तेवढा हलका होत गेला होता. नोंद ठेवली नसती तर पाचव्या दिवशीच मी रेझर कपाटात टाकून दिला असता, कारण तोपर्यंत गळा सुधारल्याचं आरशात दिसत नव्हतं. पुटकुळ्या बसायला दहाएक दिवस लागले.

तुरटी अर्धा मिनिट ठेवून धुऊन टाका, वाळू दिली तर कातडी कोरडी पडते. हिवाळ्यात मी वर खोबरेल तेलाचे दोन थेंब लावतो. उन्हाळ्यात काही नाही. तेलावर घाम आणि धूळ बसली की गळ्यावर घामोळ्या उठतात. आणि दाढीनंतर वीस मिनिटं हेल्मेट घालू नका. नाश्ता, पेपर, बॅग भरणं हे सगळं मी आता दाढीनंतर ठेवलंय, पूर्वी ते दाढीच्या आधी असायचं. या एका अदलाबदलीने गळ्याला मिळालेला आराम रेझरइतकाच मोठा आहे.

पाती तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदला. रेझर, क्रीम, पाणी सगळं तेच ठेवून पहिल्या प्रकारचं पातं चार दिवस, मग दुसऱ्या प्रकारचं चार दिवस, मग तिसरं. पहिला आठवडा हात शिकण्यात जातो, त्यामुळे पहिल्या पात्यावर अन्याय होऊ नये म्हणून शेवटी ते परत एकदा वापरा. पातं बदलायची वेळ कशी ओळखायची? ओढायला लागलं की बदलायचं, मग ते तिसऱ्या दाढीला असो की सहाव्या. माझं चारवर येतं. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण, मग केसाने ते बोथट कसं होतं, हा प्रश्न मला नेहमी पडायचा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. धार नुसती झिजत नाही, केस वाकून पात्याच्या कडेला भिडतो तेव्हा धारेचे बारीक टवके उडतात. म्हणजे दिसायला चकचकीत असलेलं पातंही आतून खाचा पडलेलं असू शकतं. चमक पाहून पातं ठेवू नका. पातं टॉवेलला किंवा बोटाने पुसायचं नाही, धार जाते आणि बोटही. रेझर नळाखाली धरून हलवा, झटका आणि मोकळ्या हवेत उभा ठेवा. महिन्यातून एकदा तिन्ही तुकडे वेगळे करून जुन्या टूथब्रशने घासा, आट्यांत साबणाचा साका साठतो.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात. त्याने माझा कागद पाहून विचारलं, "बाबा, हे बाण काऊन काढले?" त्याला समजावून सांगता सांगता मी त्याच्या हातात पातं नसलेला रेझर दिला. नवीन शिकणाऱ्याला हे सांगण्यासारखं आहे: आधी दोन-तीन दिवस पातं न बसवता फेस लावून नुसता रेझर फिरवा. टोपीने फेस स्वच्छ निघाला म्हणजे कोन धरता येतोय. त्याने तसं केलं, आणि पहिल्या खऱ्या दाढीत त्याला एकदाच, कानाजवळ, तुरटी झोंबली.

काही जणांनी मात्र हा प्रयोग करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर छोटा कापही लवकर थांबत नाही. आधी डॉक्टरांना विचारा, ट्रिमर बरा. मधुमेह आटोक्यात नसेल तरी तेच, जखम भरायला वेळ लागतो. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असतील तर त्या बसेपर्यंत थांबा. आणि रेझर घरात दोघांनी वापरायचा असेल तर पाती वेगळी ठेवा, बापलेक असले तरी. रक्तातून पसरणाऱ्या आजारांना नातं कळत नाही.

खर्चाचं थोडक्यात: कार्ट्रिजवर माझे वर्षाला तीन हजारांच्या वर जायचे. आता वर्षाला अठ्ठ्याहत्तर-ऐंशी पाती, म्हणजे अडीचशेच्या आत.

शेवटी जुन्या पात्यांचं, आणि हे कृपा करून वाचा. सुरुवातीला मी वापरलेलं पातं पेपरात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचो. आमच्या जिन्याची झाडझूड करणाऱ्या मावशी पिशवी उचलताना पातं कागदातून निघून त्यांच्या बोटात घुसलं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला मी त्यांना घेऊन गेलो, पण पुढचे आठ दिवस त्या हाताने त्यांना पिळण्याचं काम करता आलं नाही, आणि ते माझ्या हातून झालं होतं. त्या दिवसापासून पातं कचऱ्यात जात नाही. तुपाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा, झाकण चारही बाजूंनी टेपने बंद करायचं आणि वर खिळ्याने नाहीतर छिन्नीने बोटभर लांब, पातं जाईल एवढीच फट पाडायची. रेझरमधून काढलेलं पातं सरळ त्यात. अर्ध्या किलोच्या डब्यात कित्येक वर्षांची पाती मावतात. भरला की फटीवर टेपचे चार वेढे द्या, वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड' लिहा आणि कचऱ्याची गाडी येते तेव्हा डब्यात न टाकता गाडीवाल्या भाऊंच्या हातात द्या, आत काय आहे ते सांगून.